बँक का गादी

पोरानं पहिली नोकरी कोणती धरावी, हे मला विचारता? मला काय कळतं. पण शामरावचं सांगतो.

हा माझा जानेफळचा दोस्त, नागपूरहून बी.ए. होऊन आला. खामगावच्या बँकेत त्याला कारकुनी मिळत होती आणि कापसाच्या अडत्यानं सौदे करायला गादीवर बसायला बोलावलं होतं. त्याच अडत्याकडे मी बरीच वर्षं काट्यावर कापूस तोलत होतो, गादीची वाट पाहत.

"बँकेत लोकायचा पैसा सांभाळा लागते," शामराव म्हणाला. "मले पुढं माहा पैसा गिरणीच्या शेअरात लावाचा हाय. बजार शिकाले गादीच बरी. तुले काय वाटते?"

"तू बँकेत जाय."

"काऊन बे?"

"तिथं पंखा हाय."

तो गादीवरच गेला. तेव्हा कापसाचा भाव तोंडानं ठरत नसे, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरे. पहिल्याच दिवशी शेठनं त्याचा हात रुमालाखाली घेतला. मी काट्यावरून पाहत राहिलो.

घरी बायकोला सारं सांगितलं आणि ताट सरकवलं. "हात दुखून राह्यला. जेववत नाही."

"शेठनं हात त्याचा धरला, अन् दुखते तुमचा?" ती म्हणाली. "या इकडं, मी भरवतो."