टर्बोचं तेल अन् करकंबचं तिकीट

तर तिप्पण्णानं डिवचायचं अन् आमच्या आप्पानं गपकन "व्हय" म्हणायचं, ह्यात माझी काय चूक, सांगा की. पण करकंबला कोण आलंय? मी. हितं मामाच्या गुऱ्हाळावर चिपाडं उचलतंय कोण? मीच. तुमी समदे गुळाच्या काहिलीभोवती बसलायसा तर ऐकूनच घ्या... मी लई उद्योग केल्यात, मास्तरच्या फटफटीच्या सायलेन्सरात बटाटा कोंबला तो मीच, आत्याच्या मशेरीत तिखट मीच घातलं, नाकबूल करत न्हाय. पण तुमाला सांगतो, ह्या बारीला मी न्हवतो.

आमचा आप्पा म्हंजे माझा बाप, सिद्धाराम मिस्त्री, सोलापुरात अक्कलकोट रोडला गॅरेज. त्याला उजनी धरणावरच्या एका मोडक्या मशीनचा टर्बो गावला भंगारात. टर्बो म्हंजे काय? लोखंडाचा गोगलगाईवानी शंख, आत दोन पंखे. इंजनचा धूर एका पंख्याला फिरवतोय, दुसरा पंखा इंजनात हवा कोंबतोय, अन् गाडी पळती पिसाळल्यावानी. आप्पानं ठरवलं, हे आपल्या जुन्या अंबॅसिडरला बसवायचं. तिप्पण्णा जीपवाला तितंच बाकड्यावर चा पीत हुता, म्हणला, "काय रं मिस्त्री, ही म्हातारी माझ्या जीपच्या आदी कुंभारी गावाला पोचली तर मी मिशी काडतो. न्हाय पोचली तर तू गॅरेजच्या पाटीवरचं 'मिस्त्री' पुसायचं." शाणा माणूस हसून सोडून देतोय का न्हाय? आप्पा म्हणला, "व्हय. आयतवारी ये."

झालं. आता शंख बसवायचा कुटं? वर जागाच न्हाय, बॉनेट लागंना. मग आप्पानं तो खाली टांगला, पार खाली, रस्त्यावरचं कुत्रं मान वर न करता हुंगंल इतका खाली. अन् हितंच खरी गोम. टर्बोला तेल लागतंय, बारीक पायपीतनं इंजन जोरात धाडतंय तेल, ते ठीक. पण गेलेलं तेल माघारी कसं यायचं? टर्बो वर असला की तेल आपल्या वजनानं घरंगळत इंजनखालच्या चेंबरात येतंय. हितं चेंबर वर अन् टर्बो खाली. तेल काय चढ चढतंय व्हय? आप्पा दोन दिवस जेवला न्हाय त्यापायी. मग त्यानं टर्बोच्या खाली एक डबा लावला, तेल डब्यात पडायचं, अन् डब्यातनं बारका करंटवरचा पंप ते वर चेंबरात फेकायचा. म्हणला, "ईऱ्या, हा पंप बंद पडला तर समदं तेल टर्बोतच तुंबंल, ध्येनात ठेव. ह्याला हात लावलास तर करकंबला मामाकडं धाडतो, परत आणायचा न्हाय." अन् पंपाला वायर कंची लावली? नवी? आमचा आप्पा नवी वायर घेतोय व्हय कदी? गाडीच्या जुन्या हॉर्नची लाल वायर पडून हुती, तीच जोडली.

आयतवारी सकाळी निम्मी पेठ जमली. आई म्हणली, "अवो, गाडीला लिंबू-मिरची तरी बांदा, एवडी मानसं बगत्यात." आप्पा समद्यांदेखत म्हणला, "नजर-बिजर काय नसती. मशीनला तेल लागतंय, लिंबू न्हाय." केवडा शाणा माणूस, मला तर लई अभिमान वाटला.

सुटलो की. मी शेजारी बसलो हुतो. तुमाला सांगतो, शंखानं अशी शिट्टी धरली... माझं पोट माघारीच राहिलं नाक्यावर. जीप मागं, बैलगाड्या मागं, आप्पा नुसता हसतोय. अन् मग वास आला. मागं बगतो तर मागं कायच न्हाय. रस्ता न्हाय, जीप न्हाय, आभाळ न्हाय... नुसता निळा धूर. समदं तेल टर्बोत तुंबून धुराच्या नळीत उतरलं हुतं. कडंला सोजरबाई परटिणीनं धुतलेली धोतरं वाळत घातलेली, ती काळी. तिची पांढरी शेळी पण काळी, सोजरबाई तिला आपली म्हणंना. आप्पानं गाडी थांबवली, तेलाची काडी वडून बगितली तर कोरडी ठाक. अन् धुरातनं तिप्पण्णाची जीप निघाली, तोंडाला रुमाल. "मिस्त्री, गाडी हाय का वीटभट्टी?" म्हणत गेला की पुढं.

मी वाकून खाली बगितलं. पंपाची तार गायब. अन् नंबरपाटीच्या मागं, कुणाला दिसू नये असं, एक लिंबू, सात मिरच्या, एक बिब्बा... अन् ते ववलं कशात? लाल तारंत! मी ते आप्पाला दावलं. आप्पाचं तोंड लिंबापरास पिवळं. तेवड्यात तिप्पण्णा माघारी आला, लिंबाकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, म्हणला, "ह्या कार्ट्याचंच काम. बटाटा-वाला हाच न्हवं? पोरानं मोडली व्हय, मग शर्यत धरायची न्हाय. ऱ्हाऊ दे तुजी पाटी."

म्हटलं, मी न्हाय. म्हटलं, आप्पा, सांग की, ह्या बारीला मी न्हवतो. आप्पा भुईकडं बगत म्हणला, "उद्याच्या गाडीनं करकंब."

आईला इचारलं, तिनं लिंबू बांदलं न्हवतं. शेजारच्या पार्वतम्मानं बी न्हाय. रातभर इचार केला, कोण असंल? पेठेत समदी मला बगून हसत हुती, अन् खरं सांगू, आयुष्यात पयल्यांदा मी काय केलं न्हवतं तर कुणाला खरंच वाटंना. मग बटाटे कोंबून मी मिळवलं काय?

सकाळी आप्पा मला यष्टी स्टँडवर घेऊन आला. केळी घेऊन दिली. आमचा आप्पा अन् केळी? तितंच मला वळकायला पायजे हुतं. मी खिडकीत बसलो, डायवरनं गाडी चालू केली, तसा आप्पा खिडकीपाशी आला अन् गज धरून हळूच म्हणला, "ईऱ्या... ते लिंबू मीच बांदलं. अंदारात. दोरा गावंना, हाताला तार लागली, मला वाटलं जुन्या हॉर्नचीच हाय, रिकामी."

तोंडातलं केळं तोंडात. म्हटलं, "आप्पा, मग मी उतरू का?"

आप्पानं गॅरेजच्या पाटीच्या दिशेला बगितलं, कंडक्टरकडं बगितलं, अन् म्हणला, "बस आता. तिकीट फाडलंय."