पेटी धरलेला हात

दिपिका : ...मग त्या परीक्षक मॅडमनी माझी चित्रांची फाइल मिटली आणि विचारलं, हा हात कोणाचा? मी म्हटलं, माझ्या आईचा. आई मासे विकते, तिच्यासाठीच ही बर्फाची पेटी डिझाइन केलीये.

ऋतुराज : उत्तम उत्तर दिलंस.

दिपिका : ऐका तर, सर. त्या म्हणाल्या, सकाळपासून हा हात मी पाच फायलींत बघत्येय. कुठे किटली धरलीये, कुठे टॉर्च. करंगळी मात्र सगळीकडे वाकडी. तुम्ही पाचही जणं भावंडं का?

संचिता : हसल्या का त्या?

दिपिका : त्या नाही हसल्या. बाकीचे सगळे हसले.

संचिता : अगं, सरावाचा इंटरव्ह्यू होता. डिझाइन कॉलेजचा खरा उद्या आहे. आणि मला विचारशील तर हे चांगलंच झालं. बाहेरची बाई आपल्या ठाकुर्लीच्या क्लासचा हात ओळखते. खोपटला नवी शाखा काढत्येय ना मी, तिच्या बोर्डावर हाच हात टाकू या, ऋतुराज.

ऋतुराज : संचिताताई, तो माझा हात आहे.

संचिता : म्हणजे?

ऋतुराज : वस्तू केवढी आहे हे कळावं म्हणून तिच्याबरोबर हात काढावा, हे मी अगदी सुरुवातीला शिकवतो. फळ्याशी उभा असताना समोर दुसरा हात नसतो. म्हणून स्वतःचा डावा पाहून काढतो. शाळेत असताना करंगळी मोडली होती, ती वाकडीच जुळली. मी दिसलं ते काढलं. मुलांनाही प्रत्येक वेळी हेच सांगत आलो, की दिसेल ते काढा.

दिपिका : आम्हाला तुमचा फळा दिसला, सर.

संचिता : त्यात काय एवढं? करंगळ्या खोडा, सरळ काढा. ऋतुराज, बस तिच्याबरोबर. तुझं पटकन होईल.

दिपिका : नको. सर बसले की शीट सरांचीच होते. मागे सावली जरा गडद करतो म्हणाले आणि अख्खी पेटी नवीन काढून दिली.

ऋतुराज : ती एका अंगाला कललेली होती.

दिपिका : कललेलीच असते. आई खाली वीट लावून ठेवते, बर्फाचं पाणी एका कोपऱ्यात यायला.

ऋतुराज : हे तू तेव्हा का बोलली नाहीस?

दिपिका : तुम्ही इतके रमून काढत होतात. कसं थांबवणार?

संचिता : बरं बाई, मग आईचाच हात काढ आणि मोकळी हो.

दिपिका : इथे बसून? येताना तेच आठवून बघत होते. एवढे महिने तिच्यासाठी पेटी काढत्येय आणि तिचा हात कसा आहे, तेच आठवत नाहीये.

ऋतुराज : मग चेंदणीला घरी जा. तिला पेटी उचलायला सांग आणि समोर बस. मी येत नाही. आलो, तर माझे हात शिवशिवतील.

(त्याच संध्याकाळी, फोनवर.)

दिपिका : सर, प्रॉब्लेम झालाय.

ऋतुराज : आई तयार होत नाहीत?

दिपिका : तयार? साडी बदलून बसलीये, फोटो काढायचा असल्यासारखी. प्रॉब्लेम हाताचा आहे. तिची पण करंगळी वाकडीये.

ऋतुराज : नीट पाहिलंस?

दिपिका : पुन्हा पुन्हा पाहिलं. पेटीची कडी तिथेच रुतते, वर्षानुवर्षं. म्हटलं, आधी बोलली का नाहीस? तर म्हणते, तू कवा इचारलंस?

ऋतुराज : आणि तुझ्या चित्रातली कडी?

दिपिका : त्याहून बारीक. तुम्हीच म्हणालेलात, बारीक कडी सुबक दिसते. आता जाड केलीये, चारही बोटं आरामात मावतील एवढी रुंद. पण हाताचं काय करू? सरळ काढला तर खोटा. वाकडा काढला तर तुमचा.

ऋतुराज : दिसेल तो काढ.

दिपिका : उद्या बाकीचे चौघे पण तिथेच असतील, तोच हात घेऊन. परत विचारलं कोणाचा, तर?

ऋतुराज : जे खरं आहे, ते सांग.

दिपिका : तेच मी आज सांगितलेलं, सर.