आगेवाल्याने न दाखवलेला चेंडू

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको. मी माझ्या मित्राचा घात केला आहे, आणि बत्तीस वर्षं ते कोणाला कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. आज मी छप्पन्न वर्षांचा आहे, पुण्यात बिबवेवाडीला दोन खोल्यांचं घर आहे, मुलगी शिकली, लोक मला सज्जन म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मी मान खाली घालतो.

माझे वडील इथल्याच एका गोल्फ क्लबात माळी होते, गवत कापायचे. त्यांच्या मागोमाग मी आणि शेजारचा दत्ता, दोघेही कॅडी झालो, म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायची. पुढे मला आगेवाल्याचं काम मिळालं. आता आगेवाला म्हणजे काय, तर साहेबाने चेंडू मारायच्या आधीच पुढे जाऊन उभं राहायचं आणि तो कुठे पडला ते बघून ठेवायचं. बघायचं आणि खरं सांगायचं, एवढंच ते काम.

सोमवारी मैदान साहेबांसाठी बंद असे, त्या दिवशी आम्हा कॅडींना खेळायची मुभा होती. दत्ताचा हात काय सांगू तुम्हाला, साहेब लोकसुद्धा चहा हातात धरून बघत उभे राहायचे. कचऱ्यात टाकलेल्या एका मासिकातलं समुद्रकाठच्या मैदानाचं चित्र त्याने कापून आमच्या शेडच्या भिंतीला चिकटवलं होतं, स्कॉटलंडमधलं जुनं, मोठ्या स्पर्धांचं मैदान. म्हणायचा, मी इथे खेळणार, तू माझा आगेवाला, दोघांचं विमानाचं भाडं साहेबांकडून काढू.

एका वर्षी क्लबाने जाहीर केलं, कॅडींच्या स्पर्धेत जो पहिला येईल त्याला व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीसाठी दिल्लीला पाठवू. मी पहिल्याच फेरीत बाद झालो. शेवटच्या दिवशी मला आगेवाला म्हणून उभं केलं. शेवटचाच खड्डा, म्हणजे होल, राहिला होता आणि दत्ता एका फटक्याने पुढे होता. त्याचा चेंडू वाऱ्याने वळला आणि बाभळीखालच्या गवतात, माझ्यापासून दोन हातांवर पडला. जवळपास दुसरं कोणी नव्हतं. का केलं, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे, आणि उत्तर एकच येतं, की हा जाणार आणि मी इथेच पिशव्या वाहत राहणार, हे मला सहन झालं नाही. मी पुढे झालो, बुटाने तो चेंडू ओल्या मातीत दाबला आणि त्यावरच उभा राहिलो. सगळे आले, पाच मिनिटं शोधलं, नियमच तेवढ्या वेळाचा होता. मी म्हणालो, दिसला नाही. चेंडू हरवला की दंड बसतो आणि मागे जाऊन पुन्हा मारावं लागतं. दत्ता हरला, जिंकला तिसराच कोणी, माझ्या पदरात काहीच पडलं नाही. आणि दत्ता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, अरे तुला दिसला नाही तर कोणाला दिसणार, चल.

त्याने वर्षभरात काठी सोडली. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर तोलणार झाला, पोती वजन करायचा. मी मात्र क्लबातच राहिलो, कॅडीमास्तर झालो, नव्या मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा पगार घेत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात मुलीने मला स्कॉटलंडला नेलं, ती तिथे नोकरीला आहे. बाबा, तुमच्यासाठी मोठ्या स्पर्धेचं तिकीट काढलंय, म्हणाली. ते मैदान तेच होतं. झाड नाही, करड्या गवताचे उंचवटे, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. हजारो माणसं दोरीमागे गप्प उभी. एक चेंडू भरकटत आला आणि आमच्या पुढ्यातल्या उंच गवतात शिरला. कोणी काही बोलायच्या आत माझा हात वर गेला होता, बोट बरोबर त्या जागेवर. खेळाडू आला, चेंडू पाहिला, मला हसून धन्यवाद म्हणाला. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच खाली बसलो. मुलगी म्हणाली, बाबा, काय झालं? पाय दुखतोय म्हणालो. पुढचं काही बघितलं नाही.

परत आल्यावर आठवडाभर टाळलं, मग एका दुपारी मार्केट यार्डात गेलो. दत्ता पोत्यावर बसून डबा खात होता. या साहेब, म्हणाला, विलायतेहून आलात आणि कांदे बघायला? बस, भाकरी खा. मग त्याने एकेक विचारायला सुरुवात केली, जमीन कडक आहे का रे, वारा समुद्राकडून येतो का, शेवटचा खड्डा लांबून दिसतो का. मोबाइलवरचे फोटो त्याने चष्मा पुसून पुसून पाहिले. मी उत्तरं देत होतो आणि माझा आवाज बारीक होत चालला होता. तो म्हणाला, काय रे, जेट लॅग का काय म्हणतात तो लागला का?

मी त्याच्या हातातला मोबाइल बाजूला ठेवला. म्हणालो, "दत्ता, त्या दिवशी चेंडू बाभळीखालीच होता. मला दिसला होता. मी त्याच्यावर उभा राहिलो, कारण तू जाणार हे मला बघवत नव्हतं. तुझं आयुष्य मी अडवलं. मी चुकलो, दत्ता. मला माफ कर."