नाळेकडे वर जाणारी रेघ

(फोनवर. सफा अबुधाबीच्या एका गॅलरीत; तिचे वडील हारुन खोर फक्कानला, बोटी रंगवायच्या यार्डात.)

सफा: वाचू पुढे? इंग्लिशमधलं मराठी करून सांगते. पाच वाजता प्रिंटला जातंय. चित्रांशेजारी भिंतीवर लागणारं माझं पहिलं पॅनल आहे, अब्बा.

हारुन: वाच की. हातात ब्रश आहे, कान रिकामेच आहेत.

सफा: “फ्रान्समधल्या एका बंदरात, वेल्डरच्या घरी जन्मलेल्या ओडिल कासेन यांनी चाळीस वर्षं पॅरिसमध्ये अमूर्त चित्रं काढली. अडुसष्टाव्या वर्षी त्या आठवडाभरासाठी खोर फक्कानला आल्या आणि कायमच्या राहिल्या.”

हारुन: माझ्या डोक्यावर राहिल्या. वरची खोली मीच दिली ना मॅडमला. बांगडा काट्यासकट खायची. ते लिहिलंस?

सफा: नाही.

हारुन: मग ट्यूबमधले रंग उन्हात सुकायचे म्हणून आमचा बोटीचा रंग वापरायची, ते तरी?

सफा: ते आहे. लिसन ना. “शेवटच्या चार वर्षांत निळ्यावर एकच लांब लाल रेघ येते. ऐंशीव्या वर्षीही हात जराही थरथरलेला नाही. उजवीकडे रेघ किंचित वर जाते. ही कासेन यांची आशा आहे.” हसताय काय?

हारुन: अगं, आशा कसली. होडीला पाण्याची रेघ मारताना नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जरा वर घ्यावी लागते. नाहीतर होडी नाक खुपसून चालल्यासारखी दिसते. तीस वर्षांची सवय, चित्रावर पण हात वर गेला. मी म्हटलं, मॅडम, पुसतो. म्हणाली, खलास, राहू दे.

सफा: वेट. तुमचा हात?

हारुन: तिचा थरथरायचा ना. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. वरून हाक यायची, हारुन, यल्ला, चल लवकर. ती बोटानं दाखवायची, इथून इथे. मी श्वास रोखून मारायचो.

सफा: आणि हे आज सांगताय?

हारुन: आज विचारलंस. तेव्हा तू तिकडे अल मनखूलला, खालाकडे राहून शाळेत. मॅडम गेली तसे लोक आले, चित्रं पॅक केली. मला म्हणाले, भैया, जरा हात लावा. लावला.

सफा: आता मी काय करू? बॉसला सांगितलं तर म्हणेल, बापाचं नाव घुसवतेय. नाही सांगितलं तर माझ्या नावानं भिंतीवर खोटं लागेल. प्रूफ आहे काही?

हारुन: राहू दे गं. छान लिहिलंयस. बांगडा तेवढा टाक.

सफा: अब्बा.

हारुन: मॅडम एकदा म्हणाली होती, तुझं नाव लिही. मी मागच्या बाजूला लिहिलं, खालच्या लाकडी पट्टीवर, आतून. समोरून दिसत नाही.

सफा: होल्ड करा. नोमान, लाल रेघवालं हे एक खाली घेशील? हां, पाठ इकडे कर. टॉर्च मार.

हारुन: सांभाळून घ्या रे. कोपरे जपा.

सफा: दिसलं.

हारुन: मग? पुसलं काय? सफा?

सफा: तुमचं नाव नाहीये. माझं आहे. मराठीत मला तेवढंच वाचता येतं.

हारुन: बोटीवर रंगारी स्वतःचं नाव लिहितो होय? लेकीचं लिहितात.

सफा: बाकीच्या चित्रांवर पण?

हारुन: जेवढ्या रेघा, तेवढ्यांवर.

सफा: अक्षर तुमचंच आहे. माझ्या दप्तरावर लिहायचात ना, तसंच. ते दप्तर अजून आहे माझ्याकडे. बॉसला दोन्ही शेजारी ठेवून दाखवते. नोमान, प्रिंटरला फोन कर, थांबायला सांग.

हारुन: चित्र तिचंच आहे, बेटा. रेघ हारुननं मारली, एवढंच लिही. आणि ती आशाबिशा काढून टाक.

सफा: बांगडा टाकते. पण आशा राहू दे, अब्बा.