नक्की बंद होणारा पेट्रोल कॉक

हसू नका, पण सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलचा पेट्रोल कॉक गळतोय आणि ती आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली उभी असते, या काळजीने मला तीन रात्री झोप नव्हती. शेवटी काढलेला कॉक आणि पाच वर्षांची ओवी घेऊन कर्वेनगरातलं स्पेअर पार्टचं दुकान गाठलं.

"अहो, बंद केला की नक्की बंद होणारा द्या."

"उघडाच राहणारा आम्ही ठेवत नाही, बाई." दुकानदारांनी जुना कॉक फिरवून पाहिला. "गाडी रोज चालवता?"

"छे, सासरेच चालवतात. महिन्यातून एकदा."

"मग एवढा झिजला कसा?"

"जुन्या गाड्यांचं असंच असतं," मी तज्ज्ञासारखी म्हणाले.

ओवी म्हणाली, "काका, दोन द्या. बंद आहे का ते आई रोज दहा वेळा फिरवून बघते."