बाबांच्या बॉनेटची गाठ कुणी सोडली?

वाऱ्यानं सुटली म्हणे! वाऱ्यानं! आता तुम्हीच सांगा, आमच्या स्ट्राथफर्न गावचा वारा मला काय नवा आहे? याच वाऱ्यात मी लहानाची मोठी झाले, याच वाऱ्यानं चर्चच्या छपराच्या पाट्या उडवल्या, पॅटुलोबाईंची वाळत घातलेली चादर नदीपार नेऊन मेंढ्यांवर पांघरली... सगळं कबूल! पण मी, इशबेल गेडिसनं, बांधलेली गाठ? दोनदा पीळ देऊन, आवळून, वर फूल काढलेली? ती वाऱ्यानं सुटते? अहो, गाठ काही आपसूक सुटत नाही! कुणाचा तरी हात लागतो, तेव्हाच सुटते.

तुम्हाला वाटेल, काय ही बाई, टोपीच्या रिबिनीवरून गाव डोक्यावर घेतेय. पण थांबा, ऐका आधी. आमच्याकडे बँडमध्ये पाइप, म्हणजे काखेत पिशवी दाबून फुंकायचे बॅगपाइप, वाजवणारे बाप्ये बॉनेट घालतात ना, गोल, निळी, टाळूवर लाल गोंडा... ती अशी उचलली आणि डोक्यावर थापली, असं नसतं. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, कापड उजव्या कानाकडे ओढलेलं, आणि मागे बरोब्बर मध्ये, मानेवर, दोन काळ्या रिबिनी. आता या रिबिनींचं फूल बांधलेलं असलं की समजायचं, गडी कुणाचा तरी आहे. आणि मोकळ्या लोंबत असल्या की... की मोकळा! या, बसा! कुठल्या नियमात लिहिलेलं नाही हे. शेजारच्या गावात विचाराल तर हसतील. पण आमच्या गावात प्रत्येक बाईला ठाऊक आहे, आणि विधवा बायकांना तर अंमळ जास्तच.

आणि बाबा माझे, मर्डो गेडिस, बँडमधले सगळ्यांत जुने पायपर. जन्मभर डोंगरावर मेंढरं राखली, त्यामुळे बोलणं कमी. मेंढरांशी तरी बोलत होते की नाही, देव जाणे. आई होती तोवर रिबिनी आई बांधायची. आई गेली, त्यानंतरची पहिली परेड आली, आणि बाबा बॉनेट घालून माझ्यापुढे येऊन पाठ करून उभे राहिले. मी गाठ बांधली. तेव्हापासून मीच बांधते. म्हणजे आईच्याच वतीनं की! आता कळलं, ती सुटलेली गाठ मला एवढी का लागली?

तर झालं काय, जूनमधला शनिवार. बाबा सरावाहून आले, मी रस्सा वाढत होते, ते खुंटीला कोट अडकवायला वळले, आणि बघते तर काय... मानेवर दोन काळ्या शेपट्या!

"बाबा, हे काय?"

"काय?"

"रिबिनी!"

"वारा असेल."

आणि बसले रस्सा ओरपायला. ताटलीत तोंड खुपसून! खरं बोलणारा माणूस असा ओरपत नाही हो.

बरं, म्हटलं, जाऊ दे. पण पुढच्या सरावाला मी माझ्या हातानं बांधून पाठवली, आणि परत आले ते... फूल बांधलेलंच होतं, पण माझं नव्हे! माझं फूल जरा डावीकडं कलतं, आईचंही कलायचं. हे एकदम सरळ, दोन्ही पाकळ्या सारख्या, नि रिबिनीची टोकं तिरपी कापलेली! कापलेली हो! म्हणजे कुणीतरी माझ्या बापाच्या मानेशी कात्री घेऊन उभी होती! इतक्या जवळ! गाठ आपसूक सुटत नाही म्हणत होते ना मी? आता ती आपसूक बसतही नाही, एवढंही कळलं.

मग काय, गावातल्या बायकांच्या गाठी बघत हिंडायला लागले. ॲप्रनच्या गाठी, बुटांच्या नाड्या, थडग्यावरच्या फुलांच्या रिबिनी... हसू नका! तुमचा बाप असता म्हणजे कळलं असतं. पहिला संशय पॅटुलोबाईंवर. त्यांची बेकरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, गाल अजून पावासारखे. आणि बाई खोकी दोऱ्यानं बांधून देतात! मी गेले, नको असताना मटणाचे पाय घेतले, म्हणजे मैद्याच्या पारीत मटण भरून भाजतात ते.

"अगं इशबेल, बाबांना आवडतात ना हे? एक जास्तीचा घातलाय हो!"

जास्तीचा! का? कशाबद्दल? मी घरी येऊन दोरा तपासला, तर गाठ कसली, नुसता गुंता. दुसरी असती तर म्हणाली असती, सुटल्या पॅटुलोबाई. मी नाही. म्हटलं, हुशार बाई आहे, मला बघून मुद्दाम वेडीवाकडी मारली असणार!

शेवटी गेले फिनले टॉशकडे. पुलाजवळ गळ-दोऱ्यांचं दुकान त्याचं. माशांना फसवायला पिसांच्या खोट्या माश्या बांधतो, चिमटीत मावणार नाही एवढी गाठ मारतो. चांगला आहे माणूस. त्यानं वसंतात मला विचारलं होतं की उत्तरेला थर्सोच्या नदीवर कायमची नोकरी लागतेय, लग्न करून येतेस का, आणि मी नाही म्हटलं होतं, पण ते असू दे, तो आजचा विषय नव्हे. मी बॉनेट त्याच्यापुढे आपटली.

"फिनले, ही गाठ कुणाची?"

त्यानं पाहिली. कानापर्यंत लाल झाला.

"चांगली गाठ आहे."

"चांगली आहे का, असं विचारलं मी?"

"इशबेल, मला दुकान बंद करायचंय."

भर दुपारी! म्हणजे यालाही माहीत! अख्ख्या गावाला माहीत, एक मी सोडून! त्या रात्री सांगते तुम्हाला, आईचा फोटो पुसला, आणि तिच्याकडे बघवेना. मनात आलं, एवढ्यात? इतक्या लवकर मोकळे झालात, बाबा?

आणि आले ऑगस्टचे खेळ, गावची वर्षाची जत्राच म्हणा. मैदानावर तंबू, ओंडके फेकणारे गडी, नाचणाऱ्या पोरी, सगळा गाव लोटलेला. बाबा सकाळीच म्हणाले, "रिबिनीचं राहू दे आज. मी जातो पुढं." राहू दे! माझ्या तोंडावर! मी अर्धा चहा तसाच टाकला, निघाले मागोमाग. चहाच्या तंबूमागे बाबांचा किल्ट, तो परेडचा चौकड्यांचा घागरा, दिसला. बोलणं ऐकू आलं. म्हटलं, आज सापडल्या बाई! आणि घुसले.

"पॅटुलोबाई, बाहेर या!"

बाई कुठल्या? बाबा उपड्या बादलीवर बसलेले, नाकावर चष्मा, जीभ दातांत, बॉनेट गुडघ्यावर चढवलेली, आणि संधिवातानं वाकड्या झालेल्या त्या बोटांनी रिबिनीशी झटापट चाललेली. शेजारी उकिडवा फिनले.

"मर्डोकाका, खालून घ्या, वरून नव्हे."

मला बघून दोघं असे दचकले, जसे काही मेंढी चोरताना सापडले.

"हे काय चाललंय?"

"शिकतोय," बाबा म्हणाले.

"कशाला? मी मेलेय का?"

बाबांनी चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाले, "तू याला नाही म्हणालीस ना, तेव्हा मी दाराशी बूट पुसत होतो. तू म्हणालीस, मी गेले तर बाबांच्या रिबिनी कोण बांधेल."

अहो, म्हणाले होते मी! पण ती बोलायची रीत असते! नाही म्हणताना काहीतरी कारण द्यावं लागतं. खरं कारण कसं सांगणार, की संध्याकाळी टेबलावर चहाचे दोन पेले असतात, मी गेले की एकच राहील, आणि तो माणूस त्या पेल्याशीसुद्धा बोलायचा नाही...

"तेवढ्यासाठी तुझं अडायला नको," बाबा म्हणाले. "म्हटलं, शिकून घेऊ."

"आणि त्या दिवशी वारा म्हणालात!"

"तुझी सोडून बघितली. परत बांधता येईना. काय सांगणार?"

"आणि कापली कुणी?"

"टोकं उसवली होती," फिनले पुटपुटला. "मी कापली. आधीची दोन-तीन फुलंही माझीच. आजचं त्यांचं."

तेवढ्यात बँडला हाक आली. बाबांनी बॉनेट चढवली, गडबडीत बिल्ला उजव्या डोळ्यावर. मी फिरवून नीट केली. मागे हात नाही लावला. लावावासा वाटला, नाही लावला. ते चालत गेले, आणि मानेवर ते फूल... एक पाकळी केवढी मोठी, दुसरी जेमतेम. गाठ मात्र टिकली हो, शेवटच्या सुरापर्यंत टिकली! मी रडत होते का? धूर होता तिथं, सॉसेज भाजत होते.

फिनले शेजारी उभा. म्हणतो, "मग?"

"मग काय?" म्हटलं. "थर्सोला थंडी किती असते, ते सांग आधी."

झालं! ऑक्टोबरात लग्न करून गेले मी. मनाला एकच आधार, की बाबा आपल्या हातानं बांधतात, आईची रीत चालू आहे. आणि नव्या वर्षाला घरी येते, बाबा दारात उभे, परेडहून नुकतेच आलेले, आणि मागे रिबिनी मोकळ्या!

"बाबा! एवढं शिकलात, आणि बांधत नाही?"

"बांधली की टोपी आवळते गं," बाबा म्हणाले. "डोकं दुखतं. तुझी आई फार घट्ट बांधायची. तूही तशीच."

"मग जन्मभर बोलला का नाहीत?"

"तुम्ही हौसेनं बांधत होतात."

घ्या! जन्मभर आम्ही मायलेकींनी त्या माणसाचं डोकं आवळून धरलं आणि त्यानं एकदा हूं की चूं केलं नाही! आता तुम्हीच सांगा, असा माणूस घरात असल्यावर बाईनं संशय घ्यायचा नाही, तर दुसरं करायचं तरी काय?