जुन्या पंख्याचा सूर

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या.

“घ्या आई, तुमचा नवा कॉम्प्युटर. आता रेकॉर्डिंगमध्ये घरघर येणार नाही.”

“चालू केलाय ना?”

“मघाशीच.”

“अगं, मग हा बोलत का नाही?”

“बोलू नये म्हणूनच तर असा बनवून घेतला! नुसतं तुमचं गाणं ऐकू येईल.”

“आणि मी सूर कुणाकडून घेऊ? जुन्याचा पंखा फिरायला लागला की माझा ‘सा’ आपोआप लागायचा.”

“आई! म्हणजे इतकी वर्षं मी प्रत्येक गाण्यातून जी घरघर पुसत बसले...”

“तोच माझा तंबोरा होता, बाई.”

“कमाल आहे तुमची! अहो दादा, आम्ही आणलेल्या या जुन्या डब्यातला पंखा यात बसेल का?”

“ताई, लोक माझ्याकडे पंख्याचा आवाज घालवायला येतात.”

“आम्हाला हवाय. वेगळं बटण द्या. सूर मिळाला की मी बंद करीन.”

“देतो की. हौस आत्ताच भागवून घ्या. पुढे सगळे डबे सीलबंद येणार, आत बोटसुद्धा घालता येणार नाही.”

“येईनात का! आम्ही हाच उघडून दुरुस्त करत राहू. हो ना आई?”

“ते पुढचं पुढे. आधी पंखा लावून दाखवा, ऐकू द्या मला.”

“हा घ्या, आजी.”

पंखा घरघरला. आजींनी डोळे मिटले आणि गाणं धरलं.

“पुढचे कोण? या साहेब, तुमचं काय काम?”

“थांबा हो. कडवं तर संपू द्या.”